तासगावच्या बागेतून मिल्डुराच्या बागेत : ऑस्ट्रेलियाच्या वर्क अँड हॉलिडे व्हिसावर

मार्चमधली पहाट होती. उजाडता उजाडता आम्ही गाडीतून उतरलो आणि मुकादमाने प्रत्येकाच्या हातात एकेक कात्री दिली. घड कसा धरायचा ते तो दाखवणार, तेवढ्यात मी देठाला धरून एक घड उचलला, कुजका मणी टिपून काढला आणि मण्यांवरचा पांढुरका थर न पुसता घड पेटीत ठेवला. त्याने विचारलं, कुठे शिकलीस? त्याला तासगाव कसं सांगणार! घरी द्राक्ष आहे, एवढंच सांगितलं. त्या दिवसापासून नवीन आलेल्यांना तो माझ्या ओळीत उभं करू लागला.

बी.ई. करून पुण्यात चार वर्षं नोकरी केलेली मुलगी ऑस्ट्रेलियात जाऊन द्राक्षं तोडते, हे घरी सांगायला मला महिना लागला. आई गप्प झाली. बाबा म्हणाले, "मांडव कसा आहे तिकडचा, फोटो पाठव." आता वर्ष होत आलंय. मागून येणाऱ्यांचे रोज तेच ते प्रश्न येतात, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते.

हा व्हिसा म्हणजे सबक्लास ४६२, वर्क अँड हॉलिडे. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ला लागू झाला आणि त्यात आपल्यासाठी वर्षाला १,००० जागा ठरल्या. प्रत्यक्षात दार उघडलं सप्टेंबर २०२४मध्ये. जागा एवढ्याच आणि इच्छुक अमाप, म्हणून सोडत काढतात. वय १८ ते ३०. म्हणजे एकतिसावा वाढदिवस येण्याआधी अर्ज आत गेला पाहिजे. सोडतीच्या नोंदणीला २५ ऑस्ट्रेलियन डॉलर लागतात. पासपोर्टबरोबर पॅन कार्डाचा तपशीलही मागतात, त्यामुळे दोन्हींवरचं नाव एकसारखं आहे का ते आजच बघा. आमच्याकडे अर्ध्या लोकांच्या पॅनवर वडिलांचं नाव मध्ये असतं आणि पासपोर्टवर नसतं. हे आधी दुरुस्त करून घ्या, नंतर धावपळीला वेळ मिळत नाही.

आता एक गोष्ट कळकळीने सांगते. "सोडतीत नंबर लावून देतो" म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. नाव संगणक काढतो, त्यात कुणाचाच हात पोचत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने यासाठी चाळीस हजार घालवले. त्याच्या वडिलांनी ते सोसायटीतून उचलून दिले होते. नोंदणी मोबाईलवरून अर्ध्या तासात होते. आपली आपण करा.

नाव निघालं की खरा अर्ज भरायला २८ दिवस मिळतात. माझ्या वेळी, म्हणजे २०२४-२५ला, फी ६५० डॉलर होती. जुलै २०२५पासून ती ६७० झाली. बारावीनंतरचं किमान दोन वर्षांचं शिक्षण दाखवावं लागतं. शिवाय खात्यात साधारण ५,००० डॉलर आणि वर परतीच्या तिकिटाचे पैसे हवेत. इंग्रजीची धास्ती मराठी माध्यमवाल्यांना फार असते, मलाही होती. पण पदवी इंग्रजीतून झाली असेल तर कॉलेजचं तसं पत्र चालतं, आयईएलटीएस द्यायची गरज पडत नाही. मी ते पत्र सोडतीच्या आधीच आणून ठेवलं होतं आणि तेच शहाणपणाचं ठरलं, कारण कॉलेजात सहीसाठी मला तीन खेटे घालावे लागले. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून मिळतं. वैद्यकीय तपासणी ठरवून दिलेल्या दवाखान्यातच होते. नवरा-बायको दोघांना जायचं असेल तर दोघांची वेगवेगळी सोडत. सोबत अवलंबून असलेलं मूल नेता येत नाही.

विमानतळावर आईचे पेढे गेले. दूध-दुभत्याचं काही आणू देत नाहीत, आपल्याकडे जनावरांना लाळ्या खुरकूत आहे म्हणून. मी कार्डावर सगळं खरं लिहिलं होतं, त्यामुळे दंड झाला नाही. गोडा मसाला बघून परत दिला. पिशवीत जे काही खायचं असेल ते लिहा, लपवू नका.

पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात टीएफएन, म्हणजे तिकडचा कर क्रमांक, काढा. तो फुकट मिळतो, पण अर्ज तिथे पोचल्यावरच करता येतो. या व्हिसावर कर पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कापतात, वर्षाला ४५,००० डॉलर होईपर्यंत. कापताना अमुक रकमेपर्यंत माफ, असं काही धरत नाहीत. आपल्या पीएफसारखा तिकडे 'सुपर' नावाचा फंड असतो, तो मालक वेगळा भरतो. देश सोडल्यावर तो परत मागता येतो, पण त्यातले ६५ टक्के करात जातात. तेव्हा त्यावर फार हिशेब मांडू नका.

मेलबर्नहून मिल्डुरा साडेपाचशे किलोमीटरच्या घरात आहे. मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनवरून व्ही-लाईनची रेल्वे आणि पुढे बस, सगळा दिवस जातो. तिकीट मात्र २०२५मध्ये ११ डॉलर होतं. जागा आधी आरक्षित करा. मरे नदीच्या पाण्यावर उभं राहिलेलं हे गाव, चहूकडे कोरडं रान आणि मध्येच हिरवी द्राक्षं, संत्री. उतरल्याबरोबर मला कवठेमहांकाळकडचा रस्ता आठवला.

इथली सुलताना म्हणजे आपली थॉमसन सीडलेस. आपली तास-ए-गणेशही त्याच थॉमसनमधून निवडलेली, आमच्याच तालुक्यातली. आणि बेदाण्याचं तर काय सांगू! तासगावच्या शेडवर द्राक्षं ज्या डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात, ती पद्धतच ऑस्ट्रेलियन. लहानपणापासून बाबांच्या तोंडी हा शब्द ऐकला होता. इथे काही बागांत घड तोडतही नाहीत. काडी छाटतात, वेलीवरच फवारा मारतात आणि बेदाणा तारेवर वाळतो. त्याचा व्हिडिओ पाठवला तर बाबांनी तो गावात किती जणांना दाखवला असेल कोण जाणे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. पहिला व्हिसा एका वर्षाचा. दुसरं वर्ष हवं असेल तर तीन महिने ठरवून दिलेलं काम करावं लागतं, त्यालाच सगळे '८८ दिवस' म्हणतात. दुसऱ्या व्हिसाला सोडत नाही. दुसऱ्या वर्षात सहा महिने असं काम केलं तर तिसरंही मिळतं. मेलबर्नमधल्या कॅफेतलं काम यात धरत नाहीत. ठरलेल्या पिनकोडातली शेती धरतात : तोडणी, पॅकिंग, छाटणी. काम घेण्याआधी पिनकोड यादीत आहे का ते स्वतः बघा, मालकाच्या शब्दावर जाऊ नका. रोजंदारीवर असाल तर ज्या दिवशी काम केलं तोच दिवस मोजा. पावसात बाग बंद, तर तो दिवस गेला.

माझे पहिले चार दिवसही वाया गेले, पण वेगळ्या कारणाने. मोबाईलवरच्या एका ग्रुपमधून एका ठेकेदाराने तासाला १८ डॉलर रोख असं सांगून नेलं. पगारपत्रक मागितलं तर म्हणाला, नंतर बघू. तेव्हा किमान वेतन तासाला २४.१० होतं आणि रोजंदारीवर २५ टक्के जास्त, म्हणजे ३०.१३. (जुलै २०२५पासून मूळ दर २४.९५ झाला.) पाचव्या दिवशी हॉस्टेलवरच्या एका तैवानी मुलीने मला फेअर वर्क ऑम्बुड्समनचा, म्हणजे कामगारांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी कार्यालयाचा, १३ १३ ९४ हा नंबर लावून दिला. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी तास आणि दर लिहून ठेकेदाराला लेखी पाठवलं, आणि दोन आठवड्यांनी फरकाचे पैसे आले. पण पगारपत्रक नाही म्हणून ते चार दिवस ८८मध्ये धरता आले नाहीत.

व्हिक्टोरिया राज्यात मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराला परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी सगळ्यांना बघता येते. आधी तिथे नाव शोधा. "तुझा स्वतःचा एबीएन (म्हणजे धंद्याचा नोंदणी क्रमांक) काढ" असं ठेकेदार म्हणाला तर समजा की तुम्हाला कामगार न दाखवता त्याला हात झटकायचे आहेत. पेटीवर दर असला तरी एप्रिल २०२२पासून बागकामात तासाच्या किमान दराची हमी आहे. हात सावकाश चालतो म्हणून कमी पैसे घेऊ नका.

कागदांची माझी पद्धत सांगते. खिशात एक छोटी वही : तारीख, बाग, सुरू, बंद. दर आठवड्याचं पगारपत्रक आलं की लगेच मेलवर ठेवायचं आणि बँकेतली रक्कम त्याच्याशी ताडून बघायची. बाग सोडताना फॉर्म १४६४वर, म्हणजे काम केल्याच्या दाखल्यावर, मालकाची सही आणि एबीएन घ्यायचं, त्याच दिवशी. हंगाम संपला की मालक सापडत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये माझे ४७ दिवस भरले. मे महिना अवघड गेला. द्राक्ष संपलं होतं, संत्री नीट सुरू व्हायची होती आणि हॉस्टेलचं आठवड्याचं भाडं चालूच होतं. सहा आठवडे बिनकामाचे काढता येतील एवढे पैसे बाजूला ठेवूनच निघा, खात्यातल्या पाच हजारांना हात लावायची वेळ इथेच येते. इतर बहुतेक धंद्यांत एका मालकाकडे सहा महिन्यांवर राहता येत नाही, शेतीकामाला मात्र त्यातून सूट आहे, म्हणून मी जूनमध्ये छाटणीला परत त्याच बागेत गेले.

छाटणीत आपली माणसं मागे पडणार नाहीत. फक्त थंडीची तयारी ठेवा. पहाटे तारेवर दव गोठलेलं असतं आणि पहिला तासभर बोटं वळत नाहीत. हातमोजे दोन जोड न्या, एक ओला झाला की दुसरा. सोबत लांब बाह्यांचा शर्टही हवा, मार्चमध्ये कडक ऊन आणि माश्या असतात.

अठ्ठ्याऐंशीवा दिवस जुलैच्या शेवटी भरला. मी त्यापुढे आणखी नऊ दिवस केले, एखादा दिवस नाकारला गेला तर हाताशी असावे म्हणून. शेवटच्या संध्याकाळी मालकाने फॉर्मवर सही केली आणि विचारलं, तुमच्याकडे काडीवर डोळे किती ठेवता? मी बाबांना फोन लावून दिला. मध्ये मी, दोन्हीकडचं भाषांतर करत, अर्धा तास.