कृष्णविवर ओढतं कमी, ताणतं जास्त

कृष्णविवर म्हणजे अवकाशातला व्हॅक्यूम क्लीनर, ही समजूत आधी काढून टाकू. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर आलं तरी पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील. आपण गारठून मरू, आत मात्र जाणार नाही. लांबून वस्तुमान तेवढं कळतं, आकार नाही.

खरी गंमत जवळ गेल्यावर. न फिरणाऱ्या विवराच्या घटना क्षितिजाची, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही त्या सीमेची, त्रिज्या काढायची तर वस्तुमान सूर्याच्या पटीत घ्यायचं आणि त्याला साधारण ३ किलोमीटरने गुणायचं. दहा सूर्यांच्या विवराला ३० किलोमीटर. आकाशगंगेच्या केंद्रातल्या सॅजिटेरियस ए-स्टारचं वस्तुमान सुमारे ४३ लाख सूर्यांएवढं, म्हणजे त्रिज्या जवळजवळ १.३ कोटी किलोमीटर. या त्रिज्येच्या तिपटीच्या आत वर्तुळाकार कक्षा टिकत नाही, किंचित धक्का लागला की यान आत घसरतं. न्यूटनच्या गणितात अशी हद्दच नाही.

‘क्षितिजावर गुरुत्वाकर्षण किती?’ असं विचारून न्यूटनच्या सूत्रात आकडे घातले की उत्तर निघतं, पण ते फसवं असतं. तिथे एका जागी थांबायचं तर अनंत जोर लागेल. उलट मुक्तपणे पडणाऱ्याला वजनच जाणवत नाही, जाणवतो तो डोकं आणि पाय यांच्यावरच्या ओढीतला फरक. हा ताण वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतो, पण अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. क्षितिजाची त्रिज्या वस्तुमानाबरोबरच वाढत असल्यामुळे क्षितिजावरचा ताण वस्तुमानाच्या वर्गाने कमी होतो. दोन मीटर उंचीच्या माणसावर दहा सूर्यांच्या विवराच्या क्षितिजाशी तो पृथ्वीवरच्या गुरुत्वत्वरणाच्या सुमारे दोन कोटी पट भरेल. क्षितिजाच्या बऱ्याच अलीकडेच त्याची शेवई झालेली असेल. सॅजिटेरियस ए-स्टारपाशी हाच ताण गुरुत्वत्वरणाच्या नऊ हजाराव्या भागाइतका, म्हणजे हद्द ओलांडल्याचं कळणारही नाही. लहान विवर जास्त घातक, हे पचायला जरा जड जातं.

विवराजवळ घड्याळंही हळू चालतात. क्षितिजाच्या दुप्पट त्रिज्येवर स्थिर राहिलेल्या घड्याळात सुमारे ४२ मिनिटं होतात, तोवर दूरवर एक तास उलटलेला असतो.

हे सगळं कागदावरच राहिलेलं नाही. एस-२ हा तारा सॅजिटेरियस ए-स्टारभोवती १६ वर्षांत एक फेरी घालतो. मे २०१८मध्ये तो पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १२० पट इतका जवळ आला, सेकंदाला ७,७०० किलोमीटरच्या आसपास वेगाने, आणि सुखरूप बाहेर पडला. त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी गुरुत्वामुळे वाढलेली त्या वेळी मोजता आली. न्यूटनप्रमाणे एकट्या विवराभोवतीची लंबवर्तुळाकार कक्षा जागच्या जागी राहायला हवी. एस-२ची कक्षा दर फेरीला सुमारे १२ कलांनी (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वळते, हे २०२०मध्ये चिलीतल्या दुर्बिणींच्या निरीक्षणांतून जाहीर झालं.