राखेचा बुधवार, शुगर ३४

१४ फेब्रुवारी २०१८. आदल्या दिवशी महाशिवरात्र झाली होती आणि माझ्या पोटात साबुदाणा अजून बसून होता. वसईतल्या एका छोट्या हॉस्पिटलात मी तेव्हा आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर होतो. रिसेप्शनवर कुणीतरी व्हॅलेंटाइनचे लाल फुगे बांधले होते. अकराच्या सुमारास त्या फुग्यांखालून दोघांनी एका आजींना खुर्चीसकट उचलून आत आणलं.

लाल लुगडं, वय बहात्तर, घामाने निथळत होत्या. काही विचारलं की नुसत्या पुटपुटायच्या. उजवा हात लुळा पडला होता. "लकवा मारलाय, डॉक्टर," मुलगा म्हणाला. मलाही तसंच वाटलं. मुंबईला हलवायची चिठ्ठी लिहायला घेतली, तेवढ्यात सिस्टरने बोट टोचून शुगर पाहिली. ३४!

साखर फार उतरली की कधीकधी ती लकव्याची हुबेहूब नक्कल करते, हे पुस्तकात वाचलं होतं. समोर पहिल्यांदाच पाहत होतो. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, १०० मिली शिरेतून सोडलं. ते संपता संपता आजींनी डोळे उघडले आणि उजवाच हात कपाळाकडे नेला.

"माझी राख कुणी पुसली?"

वॉर्डबॉयने. घाम टिपताना कपाळावरचा काळा डागही त्याने स्वच्छ करून टाकला होता. बिचारा ओशाळला. त्या दिवशी राखेचा बुधवार होता, ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. आमची सिस्टरही आजींसारखीच वसईची, ख्रिस्ती. तिच्या कपाळावर पहाटेच्या मिस्साचा, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचा, राखेचा क्रूस अजून होता. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या, रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या घरी जपून ठेवतात, त्या परत चर्चमध्ये नेऊन जाळतात आणि त्यांचीच ही राख, असं तिने मला सलाईन लावता लावता सांगितलं. "तू माती आहेस आणि मातीत मिळशील" असं म्हणत फादर ती लावतात. आजी त्याच बेतात होत्या, असं माझ्या मनात आलं, बोललो नाही.

झालं होतं असं, की आजींनी सकाळी मधुमेहाची, ग्लिमेपिराइडची गोळी नेहमीसारखी घेतली, मिस्साला चालत गेल्या आणि पोटात पाण्याशिवाय काही गेलं नाही. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, ते ती बघत नाही. शिवाय तिचा अंमल लांबतो, साखर वर आली तरी पुन्हा घसरू शकते, म्हणून आजींना रात्रभर ठेवून घ्यावं लागणार होतं. पण उपवास म्हणून त्या बिस्किटाला हात लावेनात. सून रडकुंडीला आली.

शेवटी सिस्टरने त्यांच्या फादरना फोन लावून स्पीकरवर टाकला. तेव्हा कळलं, की उपवासाचा नियम अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंतच, आणि आजाऱ्याला तर कोणत्याही वयात सूट. त्यातही दिवसातून एकदा पोटभर आणि दोनदा थोडंथोडं खायची मुभा असते. मांस मात्र वर्ज्य. म्हणजे भात चालतो! साबुदाण्यावर वाढलेल्या मला हे पचायला जरा वेळ लागला.

या काळात आवडीची एखादी गोष्टही सोडतात. "मग मी सोडू काय?" आजींनी फोनलाच विचारलं. "चहातली साखर सोडते."

"ती डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सोडायला लावलीय," सून म्हणाली.

फादर हसले. बराच खल झाल्यावर आजींनी कनवटीची तपकिरीची डबी काढून सुनेच्या हातात दिली. ईस्टरपर्यंत बंद. मग निमूटपणे डाळभात जेवल्या. दुसऱ्या दिवशी गोळी बदलून घरी पाठवलं.

२६ तारखेला, सोमवारी, त्या तपासणीला आल्या. शुगर १४२. मी खूश. तेवढ्यात त्या सणसणीत शिंकल्या आणि लुगड्याच्या कनवटीतून डबी टणकन फरशीवर पडली.

"आजी, हे काय? ईस्टर तर १ एप्रिलला आहे."

"काल रविवार होता, डॉक्टर," डबी उचलत त्या म्हणाल्या. "चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत. फादरना विचारा."

मी सिस्टरकडे पाहिलं. तिने हसू दाबत मान डोलावली.