आमची वाटचाल: काळूच्या ताटापासून

काळू, आमचा कुत्रा, आमच्याकडे आला तेव्हा नावाप्रमाणे काळाकुळकुळीत होता. दीड वर्षाचा होईतो त्याच्या पाठीवरचे केस तांबूस, गंजल्यासारखे दिसू लागले. हात फिरवला की कोंडा उडायचा, आणि रात्रभर खाजवण्याचा आवाज. शांपू बदलून झाले, कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळी झाल्या. शेवटी डॉक्टरांनी कातडी खरवडून तपासली. पिसवा नाहीत, खरूज नाही, बुरशीही नाही. मग त्यांनी विचारलं, "वहिनी, याला खायला काय घालता?" मी अभिमानाने सांगितलं, "दूध-चपाती, वरण-भात. सगळं घरचं."

त्या प्रश्नातून कुत्र्यांच्या खाण्याचा आमचा व्यवसाय उभा राहिला.

डॉक्टरांनी तेव्हा जे समजावलं, ते मी आजही प्रत्येक नव्या ग्राहकाला सांगते. केस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन. कुत्र्याला रोज लागणाऱ्या प्रथिनांपैकी पाव हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, कातडी आणि केसांवरच खर्च होतो. वरण-भातात तेवढं निघत नाही. काळा रंगसुद्धा प्रथिनातल्याच घटकांपासून तयार होतो. ते कमी पडले की काळे केस तांबूस होतात. त्यात नुसत्या चपातीवर वाढलेल्या कुत्र्याला जस्त कमी पडतं, कारण धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य जस्ताला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही.

आम्ही रत्नागिरीचे. मिरकरवाडा बंदर हाकेच्या अंतरावर, आणि तारली म्हणजे गरिबाची मासळी. तिच्या तेलात ओमेगा-३ हे कातडीला उपयोगी स्निग्धाम्ल भरपूर. मी रोज थोडी तारली कुकरला लावून, काटे पार मऊ करून, काळूच्या भातात कालवायला लागले; सोबत उकडलेलं अंडं आणि चमचाभर करडईचं तेल. करडईतलं लिनोलेइक आम्ल कुत्र्याच्या शरीराला स्वतः बनवता येत नाही, आणि केसांची चकाकी त्याच्यावरच असते. दोन महिन्यांनी मानेपाशी नवे काळे केस दिसले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमच्या टॉमीसाठी पण करून दे गं."

तो पहिला डबा. पुढे वीस झाले, मग यजमानांनी नोकरी सोडली आणि मागच्या पडवीत डीप फ्रीझर आला.

दुसऱ्या उन्हाळ्यात फार मोठा धडा मिळाला. एका ग्राहकाने डबा परत आणून दिला. झाकण उघडलं तर खवट वास. माशाचं तेल हवा आणि उष्णता लागली की पटकन बिघडतं, आणि असं तेल कातडीचं भलं करण्याऐवजी शरीरातलं ई जीवनसत्त्व खातं. आम्ही तो सगळा माल पुरला, पैसे परत केले, आणि डॉक्टरांसोबत बसून कृती नव्याने बांधली: ई जीवनसत्त्व, जस्त आणि कॅल्शियम मापून, पाकिटं लहान, हवाबंद आणि गोठवलेली. तारली होडीतून उतरल्यावर बर्फाशिवाय एक तासही ठेवायची नाही, हा नियम तेव्हापासूनचा. उन्हात राहिलेल्या तारलीत हिस्टामीन हे बाधणारं द्रव्य तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. कच्ची तारली तर आम्ही कुणालाच देऊ देत नाही. तिच्यातलं एक विकर (एन्झाइम) बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतं, शिजवल्यावर ते निकामी होतं. सुकी खारवलेली मासळीही नको, मीठ फार.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. म्हणून मे महिन्यात फ्रीझर भरून ठेवावे लागतात आणि वीज गेली की जीव टांगणीला. जवस वापरा, स्वस्त पडेल, असं बरेच जण सुचवतात. जवस आपल्या चटणीला उत्तम, पण त्यातल्या ओमेगा-३ चं माशातल्यासारख्या ओमेगा-३ मध्ये रूपांतर करणं कुत्र्याला फारसं जमत नाही. स्वस्त पडतं म्हणून ते पाकिटात घालायला माझं मन धजत नाही.

आजही कुणी फोन करून "केस गळतायत, पाकीट पाठवा" म्हणालं, तर मी आधी विचारते, डॉक्टरांना दाखवलंत का? गोलाकार चट्टे, दुर्गंधी, कानात घाण असेल तर तो आधी डॉक्टरांचा विषय, तिथे पाकीट विकणं मला पाप वाटतं. आणि ज्यांना देते त्यांना सांगते, सहा ते आठ आठवडे धीर धरा, तेल एकदम वाढवू नका, जुलाब होतात.

काळू आता अकरा वर्षांचा आहे. तोंडावर पांढरे केस आलेत, पाठ मात्र अजून काळी. सकाळी टेम्पोतून बर्फाचे खोके उतरायला लागले की पडवीत येऊन बसतो.