आमची वाटचाल : कॉइल भरण्यापासून पेट्रोलच्या काट्यापर्यंत

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचा छोटा गाळा आहे. वडील बघायचे तेव्हा तिथं फक्त मोटरसायकलच्या मॅग्नेट कॉइल भरून मिळायच्या, जळालेली तार सोडवायची आणि नवी भरायची, बास. मी आणि धाकटा भाऊ त्यातच वाढलो. पेट्रोलच्या काट्याचं काम घेऊन तेव्हा कोण यायचंच नाही, कारण टाकीखाली पेट्रोल चालू-बंद करायचा कॉक होता ना. गाडी आचके द्यायला लागली की चालता चालता डावा हात खाली घालायचा, कॉक रिझर्व्हला फिरवायचा आणि पुढचा पंप गाठायचा, आणि लईच शंका आली तर झाकण उघडून गाडी हलवायची आणि आवाज ऐकायचा. मीटरमधला काटा आपला शोभेला.

१ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचा नवा नियम, बीएस-६, आला, बहुतेक गाड्या कार्ब्युरेटर सोडून फ्युएल इंजेक्शनवर (पंपानं दाबून पेट्रोल फवारणं) गेल्या, पंप टाकीत गेला आणि कॉक गायब झाला. आता रिझर्व्ह म्हणजे मीटरवर लुकलुकणारा दिवा, आणि तो दिवा टाकीतल्या सेन्सरच्या भरवशावर. त्यात पंप गार राहतो तो पेट्रोलमुळंच, टाकी सारखी कोरडी पाडली की पंपाचा बाजार उठतो आणि तो खर्च कॉइलसारखा चार पैशात भागत नाही. त्याच वर्षी लॉकडाऊनमध्ये गाड्या महिनोन्महिने उभ्या राहिल्या, आणि बाहेर निघाल्यावर आमच्याकडं कॉइलपेक्षा काट्याच्याच तक्रारी जास्त यायला लागल्या. कुणाचा काटा अर्ध्यावर अडकलेला, कुणाचा स्पीडब्रेकर आला की धाडकन खाली.

जुना सेन्सर खोलला की आत फार काही नसतं. तारेच्या हाताला एका टोकाला पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट, दुसऱ्या टोकाला बारीक पत्ती, ती पत्ती रेझिस्टन्सच्या (विजेला अडथळा करणाऱ्या) पट्टीवर घासत पुढं-मागं होते, आणि त्या अडथळ्यावरून मीटरचा काटा हलतो. घासून घासून पट्टी झिजते, चांदीचा कॉन्टॅक्ट असला तर काळा पडतो, पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि गाडी उभी राहिली की गंज सुटतो. (ऊस आमच्या जिल्ह्याचा, इथेनॉल आमच्या कारखान्यांचं, तक्रार तरी कुणाकडं करायची!) सुरवातीला आम्ही पट्टी साफ करून, पत्तीला ताण देऊन परत बसवत होतो, पण पट्टी एकदा झिजली की झिजली, गाडी थोड्या दिवसांनी परत दारात. आणि नवा सेन्सर मागितला तर बऱ्याच गाड्यांना सुट्टा मिळत नाही, पंपासकट आख्खं युनिट घ्या म्हणतात.

मग भाऊ म्हणला, घासणारा भागच काढून टाकू. त्याचं डिप्लोमाचं डोकं इथं कामाला आलं. एसएस ३०४ स्टेनलेस स्टीलची बारीक पाइप घ्यायची, खालचं तोंड टिग वेल्डिंगनं बंद करायचं, आत रीड स्विचची (मॅग्नेट जवळ आला की आपोआप जुळणारे काचेतले बारीक स्विच) माळ आणि बाहेरून पाइपवर वर-खाली सरकणारा फ्लोट, फ्लोटच्या पोटात गोल मॅग्नेट. फ्लोट ज्या उंचीवर असेल तिथला रीड जुळतो आणि तेवढेच रेझिस्टन्स सर्किटमध्ये येतात. लोखंडी पाइप इथं चालत नाही, मॅग्नेट तिलाच चिकटून बसतो. कॉन्टॅक्ट काचेत बंद, ती माळ पाइपमध्ये बंद, म्हणजे पेट्रोलचा आणि त्याचा संबंधच येत नाही, आणि ठिणगीची भीतीही नाही. मॅग्नेट फेराइटचाच घेतो, निओडायमियम ताकदवान असतो पण वरचं प्लेटिंग गेलं की गंजतो. पॅकिंग साध्या रबराचं नाही, पेट्रोल सोसणाऱ्या व्हिटॉन रबराचं.

रीड आणि रेझिस्टन्स आम्ही पुण्यातनं आणतो, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास. माळेच्या पट्टीवर रीड तिरके लावावे लागतात, कारण सरळ उभे लावले तर दोघांच्या मधे फ्लोट आला की एकही जुळत नाही आणि मीटरला वाटतं वायर तुटली. रीडचा पाय (काचेबाहेरची तार) वाकवताना काचेजवळ बारीक पक्कड धरूनच वाकवायचा, नाहीतर काचेला केसाएवढी चीर पडते, ती डोळ्याला दिसत नाही आणि सेन्सर नंतर कधीतरी दगा देतो. हे काम आमच्या वहिनी करतात, आमच्या दोघांच्या हाताला ते जमत नाही हे खरंय.

खरा वेळ जातो मापं जुळवायला. मोटरसायकलची टाकी काय डबा नसतो, मधून फ्रेम जाते म्हणून दोन्ही बाजूला पोटं, वर रुंद आणि खाली निमुळती. त्यामुळं काटा निम्म्यावर आला म्हणजे पेट्रोल निम्मं असं कधीच नसतं. आम्ही गाडी मेन स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड) सरळ उभी करतो, साइड स्टँडवर तिरकी असली की माप चुकतं, मग लिटर-लिटर मापून ओतत प्रत्येक टप्प्याला मल्टिमीटर लावतो आणि त्याप्रमाणं रेझिस्टन्स निवडतो. काही गाड्यांत टाकी भरली की रेझिस्टन्स कमी होतो, काहींत बरोब्बर उलटं, म्हणून एका गाडीचा सेन्सर दुसरीला ठोकून चालत नाही. रिझर्व्हचा टप्पा आम्ही मुद्दाम जरा लवकर ठेवतो. दिवा लवकर लागला म्हणून आजवर कुणी भांडायला आलेलं नाही.

गिऱ्हाइकाला आधीच सांगतो की काटा आता टप्प्याटप्प्यानं उतरणार, मूळ सेन्सरसारखा सुळकन नाही. काहींना ते आवडत नाही, त्यांनी शोरूमला जावं, आमचं काही म्हणणं नाही. वॉरंटीतल्या गाडीची टाकी आम्ही उघडतच नाही. आणि दारात आलेल्या गाडीचा आधी कपलर (वायरींचा जोड) बघतो, कितीतरी वेळा नुसता कपलर हिरवा पडलेला असतो किंवा अर्थ सुटलेला असतो, तो साफ करून चहाच्या पैशात गाडी परत पाठवतो. मेकॅनिक लोक आता आपणहून गाड्या पाठवतात ते त्यामुळंच. त्यांना एकच विनंती असते, सेन्सरच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावू नका भावांनो, बल्बचा करंट त्या पट्टीला झेपत नाही आणि उघड्या टाकीजवळ ठिणगी म्हणजे विषयच संपला.

कॉइलचं काम अजून चालू आहे, पण गाळ्याचं भाडं आता काट्यावर निघतं. सध्या मंगल कार्यालयांच्या जनरेटरचे सेन्सर करायला घेतलेत. चौकोनी उभी टाकी, डिझेल, पाइप लांब आणि निम्मं म्हणजे खरंच निम्मं. भाऊ म्हणतो, ही टाकी डिझाइन करणाऱ्या माणसाला मोटरसायकलच्या कंपनीत घ्यायला पाहिजे होतं.