कोरडी बादली

दुग्धव्यवसायाच्या अभ्यासक्रमात आम्हाला एक अख्खा दिवस गोठ्यावर काम करावं लागतं. पहाटे चारला हजर व्हायचं, शेण ओढायचं, धारा काढायच्या, वासरांना पाजायचं आणि संध्याकाळी वहीवर सही घ्यायची. माझ्या वहीवर सही आहे. त्या सकाळचे दोन तास मात्र अजून डोक्यातून जात नाहीत.

शेण ओढताना वाटेत एक लाल फीत सापडली. चिखलात लडबडलेली, टोकाला तुटलेली. प्लास्टिक गाईच्या पोटात जायला नको म्हणून मी ती उचलली, कचऱ्याच्या पोत्यात टाकली आणि पुढे गेले.

यंत्राने धारा काढतात तिथे आपण कमरेइतक्या खोल खड्ड्यात उभे असतो. गाई दोन्ही बाजूंना वर, तिरक्या, आपल्याकडे पाठ करून. खालून गाईचं तोंड दिसत नाही, कानातला बिल्लाही दिसत नाही. दिसतात खूर, मागचे पाय आणि कास. म्हणून जिच्यावर औषध चालू असेल तिच्या मागच्या पायाला लाल फीत बांधतात. हे मला नंतर कळलं.

धारा काढणारे मामा शिकवायला फार चांगले. प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा काळ्या जाळीच्या भांड्यात घ्यायच्या. पांढऱ्या दुधातली गुठळी काळ्यावर लगेच दिसते. मग सड स्वच्छ करून पुसायचे, प्रत्येक गाईला वेगळं फडकं. आणि थांबायचं. हे थांबणंच अवघड. हात लागल्यापासून मिनिट-दीड मिनिटात पान्हा उतरतो, कास तटतटते, तेव्हा कप लावायचे. घाई केली तर सडातलं थोडं दूध संपतं आणि यंत्र रिकाम्या सडाला ओढत राहतं. फार उशीर केला तर पान्हा ओसरायला लागतो. मोठ्याने बोललं, गाय बिचकली, तर ती पान्हा चोरते. सहाव्या गाईला मी चारही कप हवेचा आवाज न होऊ देता लावले. मामा म्हणाले, "आता बसला हात." मला त्याचा फार आनंद झाला होता.

नंतरच्या रांगेत एक काळी-पांढरी गाय होती. तिचा उजवा मागचा सड जरा जाड लागला. पहिल्या धारा पाहिल्या, दूध स्वच्छ. कप लावले.

शेवटची गाय बाहेर गेली आणि मामांनी कोपऱ्यातली बादली उचलली. औषधवाल्या गाईंचं दूध तिच्यात वेगळं काढायचं असतं.

"ही कोरडी कशी? लाल फितीची आली नाही का?"

तेव्हा मला पोतं आठवलं. मी लगेच सांगितलं, पण तोवर दूध टाकीत गेलं होतं आणि टाकीतला पंखा ते आदल्या संध्याकाळच्या दुधात मिसळत होता. त्या गाईला दगडी, म्हणजे कासेचा दाह, झाली होती, सडातून औषध सोडायला लागून तिसरा दिवस. गुठळ्या थांबल्या होत्या, औषध दुधातून उतरतच होतं.

व्यवस्थापक मॅडमनी टाकीतला नमुना घेऊन पट्टी बुडवली. आम्ही तिघं बघत उभे. दुधात औषध नसेल तर पट्टीवर तपासणीची रेघ उमटते. ती उमटली नाही. सव्वासातशे लिटर दूध.

मी विचारलं, उकळून चालणार नाही का? नाही. उकळल्याने प्रतिजैविक जाईलच याची खात्री नसते. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या माणसाला ते बाधू शकतं, आणि विरजणातले जंतू मेले तर दही लागत नाही. वासरांना तरी? तेही नाही, त्यांच्या पोटातले जंतू औषधाला सरावतात. ओढ्यात सोडलं तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. म्हणून ते शेणाच्या खड्ड्यात. मॅडमनी झडप उघडली. दुधाची जाड धार काळ्या शेणावर पडत होती आणि सकाळच्या निम्म्या गाईंची कास मी स्वतःच्या हाताने पुसली होती.

मॅडम म्हणाल्या, "तुझी चूक नाही." मामा म्हणाले, "गाईचा पाय सुजलेला, म्हणून मीच फीत सैल बांधली." मला दोन्ही पटत नाही. गाईचा नंबर कचेरीतल्या फळ्यावर होता आणि तो फळा मला कुणीच दाखवला नाही. एका गाईला एकच फीत, तीही नवख्या माणसाला न सांगता, यावर सगळी टाकी सोपवणं चूकच आहे. शिकाऊ मुलांना आधी झाडू देतात आणि माहिती नंतर, हे मी आणखी दोन ठिकाणी पाहिलंय. पण फीत हातात आली तेव्हा ती कुणाची, हे मीही विचारलं नाही. तो जाड सड मला जाणवला होता, त्याबद्दलही बोलले नाही. हात नुकताच बसला होता, मला मधे थांबायचं नव्हतं.

संध्याकाळी तीच गाय आली, दोन्ही मागच्या पायांना लाल फिती. मामांनी बादली माझ्याकडे सरकवली. मी काळ्या जाळीवर पहिल्या धारा घेतल्या आणि भांडं दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिलं. दूध सकाळसारखंच पांढरंशुभ्र होतं.