मनीच्या नसबंदीनंतरची देखभाल

आमच्या मनीच्या पोटावरचा छेद जेमतेम दोन पेरांएवढा आहे, पण आतून अंडाशय आणि गर्भाशय काढलेले असल्यामुळे या शस्त्रक्रियेला किरकोळ म्हणणे मला पटत नाही. पहिल्या रात्री सगळेच जपतात. भूल पुरती उतरलेली नसते, मांजर झोकांड्या खाते, आणि तिला जमिनीलगत, उबदार व मंद उजेडाच्या जागी ठेवून थोडे थोडे खायला देणे एवढेच आपल्या हाती असते. दुसऱ्या दिवशीही तिने अन्नाला तोंड लावले नाही, तर डॉक्टरांना कळवावे, कारण मांजर उपाशी राहिली की तिच्या यकृतात चरबी साचण्याचा धोका असतो.

माझ्या मते खरी कसोटी लागते ती तिला बरे वाटू लागल्यावर. मनी तिसऱ्या दिवसापासूनच खिडकीच्या कठड्याकडे नजर लावून अंग आकसू लागली. जखम मात्र भरून यायला साधारण १० ते १४ दिवस लागतात आणि एका उडीनेही आतले टाके ताणले जाऊ शकतात, म्हणून तिला चढण्याजोगे काहीही नसलेल्या खोलीत ठेवले आहे. टाके चाटता येऊ नयेत म्हणून गळ्यात घातलेली शंकूसारखी कॉलर तिला मुळीच आवडत नाही. ती दाराच्या चौकटीला अडखळते, उलट्या पावली मागे सरते, आणि ते पाहून जीव कळवळतो. तरीही ती काढू नये, कारण मांजरीच्या जिभेवरचे काटे टाके सहज उसवतात. कॉलर अगदीच सोसवत नसेल, तर डॉक्टरांना विचारून पोट झाकणारा कापडी अंगरखा घालता येतो.

मांजर दुखणे लपवते. घुरघुर ऐकून ती सुखात आहे असे धरू नये, वेदनेतही ती घुरघुरते. त्यापेक्षा बारीक केलेले डोळे, बाजूला वळलेले कान आणि आखडलेली बैठक पाहावी. अशा वेळी माणसांची गोळी कदापि देऊ नये. पॅरासिटामॉलचा निचरा करण्याची मांजरीच्या यकृताची क्षमता फारच तोकडी असते, त्यामुळे थोड्याशा मात्रेनेही रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटून जीव जाऊ शकतो.

सकाळ-संध्याकाळ मी टाके पाहते. सुरुवातीचा किंचित लालसरपणा चालतो. पण ओल, दुर्गंध, उघडलेल्या कडा किंवा पांढऱ्या पडलेल्या हिरड्या दिसल्या, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.