पाठीवर बिऱ्हाड, कुडलच्या संगमापर्यंत

सोलापुरातली स्काउट-गाइड पथकं शिबिर घेतात ते बहुतेक शाळेच्या मैदानावर, आणि सहल म्हटली की बसमधून देवस्थानं. मुलांनी आपलं सामान आपल्याच पाठीवर घेऊन चालत जावं, मुक्कामी स्वतः रांधून खावं, रात्र काढून दुसऱ्या दिवशी परतावं, असा कार्यक्रम क्वचितच होतो. 'आपल्याकडे डोंगर कुठंय?' हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. डोंगर नाहीत हे खरं, पण भीमा आहे, सीना आहे, ज्वारीची रानं आहेत आणि पहिल्यांदाच ओझं घेऊन चालणाऱ्या मुलांना सपाट वाट फार सोयीची पडते. जानेवारीच्या शेवटी आम्ही पथक घेऊन हत्तरसंग कुडलला शनिवार-रविवार राहून आलो. इतर शाळांतल्या शिक्षकांना उपयोगी पडेल म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

जागा ठरवताना तीन नावं समोर होती. नळदुर्गचा किल्ला मुलांना आवडतोच. पाणी महाल पाहून मोठी माणसंही थक्क होतात. पण तिथे उघडे बुरूज, खाली बोरी नदी आणि शनिवार-रविवारची गर्दी. एका दिवसाला उत्तम, मुक्कामाला नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात काळवीट दिसतात, मात्र तिथे वन खात्याचे नियम पाळून सकाळी जाऊन यायचं असतं, तळ ठोकायचा नसतो. उरलं कुडल. सोलापूरपासून साधारण 40 किलोमीटर, विजापूर रस्त्याने जाऊन डावीकडे आत. सीना तिथे भीमेला मिळते आणि संगमावर चालुक्यांच्या काळातली संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही देवळं आहेत. गाव लहान, माणसं मोकळी, रात्री शांतता.

चालण्याचं अंतर आम्ही उलटीकडून ठरवलं. मोबाइलच्या नकाशावर संगमापासून मागे 10 किलोमीटर मोजले आणि एसटी तिथपर्यंत न्यायची असं ठरवलं. पाठीवर ओझं असताना सातवी-आठवीची मुलं थांबे धरून तासाला अडीच-तीन किलोमीटर जातात, जास्त नाही. सकाळी सातला निघालं की अकराच्या आत पोचतं. सोलापूरचं ऊन जानेवारीतही अकरानंतर चटके देतं, त्यामुळे ही वेळ पाळायचीच.

महत्त्वाचं सगळं काम आधीच्या शनिवारांमध्ये होतं आणि ते मुलांकडून करून घ्यायचं असतं. 1907 साली स्काउटिंगचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं तेव्हा मुलांचे लहान लहान संघ पाडले आणि जबाबदारी संघनायकांवर टाकली. स्काउटिंगचा जीव या संघ पद्धतीत आहे. आपल्याकडे संघनायक फक्त संचलनात पुढे उभा राहतो. यादी सर करतात, किराणा सर आणतात, भांडी मॅडम मोजतात. आम्ही किराणाची यादी, वाटेचा नकाशा, रात्रीच्या पहाऱ्याची पाळी आणि प्रथमोपचार पेटी, सगळं संघांना वाटून दिलं. एका संघाने यादीत दोन किलो तिखट लिहिलं होतं. मी ते खोडलं नाही, 'एका माणसाला किती लागतं ते घरी आईला विचारून या' एवढंच सांगितलं. पुढच्या शनिवारी यादी बरोबर आली आणि त्या पोरांना मिठापासून तेलापर्यंत सगळी मापं पाठ झाली होती. खिचडीला एका मुलामागे तांदूळ-डाळ मिळून दीडशे ग्रॅम पुरतं.

ओझ्याची तपासणी मात्र मोठ्यांनीच करावी. शाळेत वजनकाटा ठेवा आणि प्रत्येक पाठपिशवी भरलेली, पाण्यासकट, मोजा. मुलाच्या वजनाच्या सातव्या हिश्श्यावर ती जाता कामा नये. पस्तीस किलोच्या पोराला पाच किलो म्हणजे पुष्कळ झालं, त्यातले दोन किलो तर पाणीच. इथे आपल्या गावची एक खास अडचण येते: प्रत्येक घरातून सोलापुरी चादर निघते. चादर मला प्रिय आहे, आणि जानेवारीच्या रात्री शाळेच्या फरशीवर तिच्याइतकी ऊब स्वस्तातल्या स्लीपिंग बॅगेत मिळत नाही. पण ती जड असते. म्हणून दोघांत एक जाड चादर अंथरायला आणि प्रत्येकाला एक हलकी पांघरायला, असा हिशेब ठेवा. जोडीतल्या एकाने चादर उचलायची, दुसऱ्याने दोघांचं शिध्याचं सामान. टर्किश टॉवेल घरी ठेवून साधा पंचा घ्या, तासाभरात वाळतो. नवे बूट कुणालाही घालू देऊ नका. शाळेचे वापरातले कॅनव्हास बूट आणि सुती मोज्यांचे दोन जोड बास.

खाण्याच्या बाबतीत सोलापूरकर नशीबवान आहेत. कडक भाकरी आणि शेंगा चटणी ही जोडी ट्रेकच्या कुठल्याही तयार पाकिटापेक्षा सरस. भाकरी आठवडाभर टिकते, वजनाला हलकी, आणि चुरून आमटीत भिजवली की पोट भरतं. कापडी पिशवीत उभी रचून पाठपिशवीत सगळ्यात वर ठेवा. आडवी खाली ठेवली तर पोचेपर्यंत नुसता चुरा होतो. पहिल्या दिवशी दुपारी भाकरी-चटणी-दही, रात्री खिचडी, दुसऱ्या दिवशी सकाळी उपमा. यापेक्षा जास्त पदार्थ ठेवले तर मुलं दिवसभर चुलीपुढेच अडकतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. पालकांची लेखी संमती, मुख्याध्यापकांचं पत्र, शिक्षण विभागाची परवानगी आणि ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत मुक्काम आहे तिथे मुलांच्या यादीसह एक अर्ज. एसटीच्या आगारात शाळेचं पत्र दिलं की शालेय सहलीच्या सवलतीत गाडी मिळते, पण सहलींच्या हंगामात गाड्या अडतात, त्यामुळे महिनाभर आधी जा. मुली असतील तर गाइड कॅप्टन मॅडम हव्यातच, आणि त्यांच्या पेटीत सॅनिटरी पॅड न विसरता असावेत. दमा, फिट्स, कशाची ॲलर्जी, रात्री अंथरूण ओलं होणं, हे पालकांकडून बंद पाकिटात लिहून घ्या. मुलांसमोर विचारलं तर खरं कुणीच सांगत नाही.

मुक्कामासाठी सरपंच आणि जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना आधी एकदा प्रत्यक्ष भेटून या. फोनवर सगळे 'या की' म्हणतात; संडासाला पाणी आहे का, रात्री दिवा चालतो का, हे जाऊनच कळतं. शनिवारी शाळा सकाळची असते, त्यामुळे दुपारी व्हरांडा आणि एक वर्ग आपल्याला मोकळा मिळतो. देवळाच्या आवारात चूल किंवा तळ नको. ती वास्तू सांभाळायची आहे.

चालताना वाटेवरचा सर्वात मोठा धोका म्हणजे ऊस. जानेवारीत कारखाने जोरात चालू असतात आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अरुंद रस्त्यावरून डुलत येतात. ट्रॉलीतून बाहेर आलेला ऊस चालणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर असतो. आमचा नियम असा होता: एकेरी रांग, रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारं वाहन दिसेल अशी, पुढचा संघनायक शिट्टी वाजवेल तेव्हा सगळ्यांनी रस्ता सोडून कडेच्या मातीवर उतरायचं, सगळ्यात पुढे आणि सगळ्यात मागे भगवं जाकीट घातलेला मोठा माणूस. आणि रांगेचा वेग सर्वात हळू चालणाऱ्या मुलाचा. त्याला मागे ठेवू नका, दुसऱ्या क्रमांकावर चालवा. मागे राहिलेल्याला सतत पळावं लागतं आणि थांब्यावर तो पोचतो तेव्हा बाकीचे उठलेले असतात.

पहिल्या थांब्यावर आम्ही सगळ्यांना बूट-मोजे काढायला लावले. सातवीतल्या एका मुलाच्या टाचेवर रुपयाएवढा लाल डाग होता, कातडी अजून फुगलेली नव्हती. 'दुखतंय का?' 'नाय सर, नुसतं चुरचुरतंय.' फोड येण्याआधीची हीच वेळ असते. त्याच्या संघातल्या मुलीने टाच पुसून कोरडी केली, चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावली आणि मोजा उलटा करून घातला, म्हणजे शिवण बाहेर. शेवटपर्यंत फोड आला नाही. पाऊण तासाने बूट काढण्याचा थांबा तुम्हीही ठेवाच.

रस्ता सोडून रानातल्या पायवाटेला लागल्यावर पुढच्या संघाने दगड आणि गवताच्या गाठींनी मार्गचिन्हं मांडली, मागचे ती शोधत आले आणि शेवटच्या संघाने मोडून टाकली. दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीची ज्वारी, कणसं भरलेली. एका वस्तीवर पाणी हवं होतं. या पट्ट्यात घरोघरी कन्नड चालते. आमच्यातला एक मुलगा घरी कन्नडच बोलणारा, शाळेत फारसं तोंड न उघडणारा. तो पुढे झाला आणि 'अक्का, नीरु कोडरी' म्हणाला. अक्कांनी घागर तर दिलीच, वर सगळ्यांना शेकोटीजवळ बसवून हुरडा भाजून दिला. त्यानंतर दोन दिवस गावात बोलायचं काम पथकाने त्याच्याकडेच सोपवलं.

नदीबद्दल स्पष्ट सांगतो: पाण्यात उतरायचं नाही, गुडघाभरसुद्धा नाही. वाळू उपशामुळे पात्रात खड्डे पडलेले असतात आणि वरून पाणी संथ दिसतं. उजनीतून भीमेत पाणी सोडलं तर पातळी वाढते, म्हणून निघण्याआधी गावात चौकशी करा. काठापासून ठरावीक अंतरावर दोरी बांधा आणि तिच्यापुढे कुणी नाही. नदीचं पाणी पिण्यास वापरू नका. गावातून जार भरून घेतले तर माणशी दिवसाला तीन लिटर धरा. सापाचीही तयारी असू द्या. ज्वारी-उसात घोणस असते, रात्री मण्यार फिरते. भिंतीला लागून झोपायचं नाही, बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत, अंधारात बॅटरीशिवाय पाऊल नाही. दंश झालाच तर कापणं, चोखणं, घट्ट आवळून बांधणं यातलं काही न करता अंग स्थिर ठेवून 108 ला फोन आणि थेट दवाखाना. हे मुलांकडून आधी सरावात करून घ्या.

दुपारी देवळं. हरिहरेश्वर मंदिर मातीखाली गाडलं गेलं होतं. 1999 मध्ये तिथे झालेल्या उत्खननात बहुमुखी शिवलिंग सापडलं, त्यावर 359 मुखं कोरलेली आहेत. मुलं मोजायला बसतात, बसू द्या. संगमेश्वर मंदिरात तुळईवर शके 940, म्हणजे इसवी सन 1018 चा शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वात जुन्या लेखांमध्ये तो गणला जातो. दुपारच्या पसरट उजेडात तिथे काही कळत नाही. अक्षरं दिसावीत म्हणून काही लोक खडू किंवा पाणी लावतात, तसं अजिबात करू नका, दगड खराब होतो. आम्ही संध्याकाळी अंधारल्यावर परत गेलो. एका मुलाने बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने प्रकाश टाकला आणि सपाट वाटणाऱ्या पृष्ठभागावर खाचा सावलीने भरून आल्या. 'सर, हे व दिसतंय की!' हा लेख वाचणारा विजयी होईल, अशा अर्थाचं वाक्य तिथे कोरलेलं आहे. नऊ-दहा जणं मान वर करून एकेक अक्षर लावत बसली होती. त्यांना जेवायला बोलवायला मला दोनदा जावं लागलं.

रात्री शेकोटी लहान ठेवली, शाळेच्या मैदानात, ज्वारीपासून लांब, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या. दहाला झोप. पहाऱ्यावर दोन मुलं आणि एक शिक्षक, दीड तासाची पाळी. पहाटे गारठा बऱ्यापैकी असतो, कानटोपी यादीत हवीच.

रविवारी उजाडताच काठावर पक्षी पाहिले. वाळूच्या बेटावर चक्रवाकांची जोडी होती, खंड्या आणि बगळे तर भरपूर. परत चालत जायचा मोह काही पालकांना होता, मी ठामपणे नाही म्हटलं. दमलेले पाय, वर चढलेलं ऊन आणि ट्रॅक्टरांचा रस्ता यांचा मेळ बसत नाही. गाडी गावातच बोलवा. निघण्यापूर्वी शाळेचं आवार झाडून, चुलीची राख पुरून, संडास धुऊन द्या आणि मुख्याध्यापकांना स्वतः येऊन पाहायला सांगा. पुढच्या पथकाला जागा मिळणं त्यावर अवलंबून आहे.

तारखेचं शेवटचं. संक्रांतीच्या आठवड्यात सिद्धेश्वरांची यात्रा असते, गड्डा म्हणजे तिची जत्रा भरते, गाड्या मिळत नाहीत आणि मुलांचंही लक्ष लागत नाही. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी कुडलला गर्दी. डिसेंबरचा उत्तरार्ध किंवा जानेवारीचा शेवटचा आठवडा घ्या, जमल्यास पौर्णिमेच्या आसपासचा. फेब्रुवारीच्या मध्यानंतर ऊन वाढतं आणि हुरडाही संपतो. परवानग्यांना लागणारा वेळ धरला तर अर्ज नोव्हेंबरमध्ये, दिवाळीची सुट्टी संपली की लगेच टाका.